ब्युरोचा माणूस ठेवला म्हणजे आईवडिलांना टाकले काय?

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी ब्युरोतून, म्हणजे रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, माणूस ठेवणे म्हणजे त्यांना घरातल्या घरात टाकून देणे होय, अशा आशयाचा एक मजकूर कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांत सतत फिरत असतो. पूर्वी घरचेच सगळे करीत, या कामाला मायेशिवाय काही लागत नाही, नर्स आली की मुले मोकळी होतात आणि खर्च विम्यातून निघतो, अशी त्याची चार कारणे आहेत.

आधी 'टाकून देणे' हा शब्द घेऊ, कारण कायद्यात त्याला निश्चित अर्थ आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 साली झालेल्या कायद्याच्या 24व्या कलमानुसार, सांभाळाची जबाबदारी असताना ज्येष्ठाला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही ठेवून जाणे हा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय देखभाल व उपचार येतात. ती देखभाल मुलानेच स्वतःच्या हाताने करावी, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पूर्वी 'घरचे' करीत म्हणजे नेमके कोण करीत, हे मजकूर सांगत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या मुलांची, आजाऱ्यांची, वृद्धांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 134 मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 76 मिनिटे. शिवाय मुळात असे काम करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या निम्मेच होते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी बेडपॅन उचलले आहे, हा प्रश्न मी सोडून देतो.

खरा घोळ 'माया पुरेशी आहे' या विधानात आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला गिळण्याचा त्रास असू शकतो आणि त्याला आडवे ठेवून पाणी पाजले, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. माझ्या वडिलांना आम्ही पहिले काही दिवस अगदी मायेने असेच पाणी पाजत होतो. ब्युरोतून आलेल्या मदतनीस मामांनी पहिल्याच दिवशी उशा लावून त्यांना बसते केले आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवले. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. कूस बदलताना रुग्णाला ओढायचे नसते, खालच्या चादरीसकट उचलून सरकवायचे असते, कारण घासल्याने त्वचा सोलवटते. लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच लटकलेली राहिली पाहिजे, हेही आम्हाला त्यांनीच सांगितले. यातले काहीही अवघड नाही, पण कोणी शिकवल्यावाचून ते कळत नाही.

आता 'नर्स आली की मुले मोकळी'. ब्युरोकडून बहुतेक वेळा येतात त्या मावशी किंवा मामा, म्हणजे आंघोळ, डायपर, भरवणे, चालवणे ही कामे करणारे मदतनीस. आपण त्यांना सरसकट 'सिस्टर', 'ब्रदर' म्हणतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. परिचारिकेने एएनएम किंवा जीएनएमसारखा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नोंदणी केलेली असते. इंजेक्शन देणे, नाकातली नळी घालणे, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणे ही कामे तिचीच; मावशींना ती सांगणे धोक्याचे आणि त्यांच्यावरही अन्यायाचे आहे. म्हणून ब्युरोशी बोलतानाच कोण येणार हे विचारावे, आणि परिचारिका म्हणून पैसे घेत असतील तर नोंदणी क्रमांक मागावा. औषधांचा तक्ता, जखमेवर नजर, डॉक्टरांशी बोलणे हे मात्र घरच्यांकडेच राहते, त्यामुळे मुले मोकळी होत नाहीत.

विम्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर आयुष्मान भारत योजनेत 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना मिळणारे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. खासगी पॉलिसीत घरच्या घरी उपचारांची तरतूद असली, तरी ती सहसा रुग्णालयात ठेवण्याजोग्या आजारापुरती असते. मावशींचा महिन्याचा पगार त्यात बसत नाही.

या चार कारणांखेरीज मजकुरात एक तक्रार आहे, ती मात्र खरी आहे: काही घरांत माणूस ठेवल्यावर आजाऱ्याच्या खोलीत दुसरे कोणी फिरकत नाही. आणि अशाच घरांत चोवीस तासांच्या मावशींना रात्री दर दोन तासांनी उठवून सकाळी पुन्हा कामाला लावले जाते, आठवड्याची सुटीही मिळत नाही, आणि मग त्या न सांगता निघून गेल्या की दोष त्यांनाच दिला जातो.