लष्करातून परतलेला आवाज

एल्विस प्रेस्लीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळते. खरा एल्विस लष्करात भरती झाला त्याच दिवशी संपला, नंतर उरला तो नुसता सिनेमातला देखणा चेहरा. हे मत बीटल्सच्या जॉन लेननचे म्हणून सांगितले जात असल्याने त्यावर हुज्जत घालायला सहसा कुणी धजावत नाही. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला माझ्याकडे एकच पुरावा आहे : ८ एप्रिल १९६० रोजी आरसीए व्हिक्टर कंपनीने बाजारात आणलेला 'एल्विस इज बॅक!' हा अल्बम. तो नीट कान देऊन ऐकला तर लक्षात येते की लष्करातल्या दोन वर्षांनी या गायकाचे काहीही बिघडवले नाही, उलट त्याचा आवाज त्या काळात पिकला. जे बिघडले ते नंतर, आणि त्याला कारण विक्रीचे आकडे होते.

२४ मार्च १९५८ रोजी एल्विस लष्करात दाखल झाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि अमेरिकेत त्याच्याइतका लोकप्रिय दुसरा गायक नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याची आई ग्लॅडिस वारली, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याची रवानगी पश्चिम जर्मनीतल्या फ्रीडबर्गच्या तळावर झाली. तो लष्करात असताना इकडे रॉक अँड रोलची घडीच विसकटली. बडी हॉली विमान अपघातात गेला, लिटल रिचर्ड त्याआधीच सगळे सोडून धर्माकडे वळला होता आणि जेरी ली लुईस स्वतःच्या लग्नाच्या प्रकरणात लोकांच्या मनातून उतरला. कंपनीने एल्विसची आधी करून ठेवलेली गाणी एकेक करत पुरवून वापरली. त्यामुळे ५ मार्च १९६० रोजी तो लष्करातून मोकळा झाला तेव्हा तो काय गाणार, यापेक्षा तो अजून गाऊ शकतो का, हाच प्रश्न अनेकांच्या मनात असणार.

उत्तर मिळायला पंधरवडाच लागला. २० मार्चच्या रात्री नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत पहिली बैठक झाली. बातमी फुटू नये म्हणून वादकांना जिम रीव्ह्ज या गायकाच्या ध्वनिमुद्रणाचे निमित्त सांगून बोलावले होते, असे सांगितले जाते. (गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या कित्येक जुन्या घरांत एल्विसपेक्षा जिम रीव्ह्जचेच नाव जिव्हाळ्याने घेतले जाते, त्यामुळे मला ही थाप फार आवडते.) 'मेक मी नो इट' हे पहिलेच गाणे मनासारखे जमेपर्यंत एकोणीस वेळा गावे लागले, यावरून दोन वर्षांचा गंज कसा झटकला गेला ते कळते. दुसरीकडे कंपनीची घाई इतकी की नव्या एकेरी तबकडीची (सिंगलची) वेष्टने गाणे ठरण्याआधीच छापून तयार होती. वेष्टनाला मधोमध गोल भोक पाडले होते, म्हणजे आतल्या तबकडीच्या लेबलावर जे गाणे असेल त्याचे नाव त्यातून दिसावे. त्या रात्री 'स्टक ऑन यू' ध्वनिमुद्रित झाले आणि दोन-तीन दिवसांत ते दुकानांच्या वाटेला लागलेही. मधल्या काळात मायामीला जाऊन, रॉक अँड रोलवर पूर्वी जहरी टीका केलेल्या फ्रँक सिनात्राच्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्विसने हजेरी लावली आणि त्याचे सव्वा लाख डॉलर घेतले.

या अल्बमचा प्राण मात्र ३ एप्रिलच्या रात्रीत आहे. संध्याकाळी सुरू झालेली ती बैठक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली आणि तेवढ्या वेळात बारा गाणी पुरी झाली. आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या मैफलीचा जसा एक चढता आलेख असतो, पहिल्या प्रहरात गळा तापतो आणि उत्तररात्री गवई स्वतःसाठी गाऊ लागतो, तसेच काहीसे तिथे झाले असावे. 'ओ सोले मिओ' या इतालवी चालीवर बेतलेले 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' त्याच रात्रीचे. त्याच्या शेवटी आवाज ज्या उंचीवर जाऊन स्थिरावतो, तिथे १९५६ सालचा एल्विस कधी गेला नव्हता. जर्मनीत असताना चार्ली हॉज या लष्करातल्याच गायक मित्रासोबत तो सतत गात असे, आणि त्या रियाजाचे फळ इथे रोकडे दिसते. दमसास वाढला आहे, खर्ज भरदार झाला आहे, आणि मुख्य म्हणजे स्वर लावण्याआधी थांबण्याचा धीर आला आहे. आधीच्या गाण्यांत तो सुरांवर झडप घालत असे. इथे तो त्यांना आपल्याकडे येऊ देतो.

माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर 'फीव्हर' ऐकावे. हे गाणे मूळचे लिटल विली जॉनचे. १९५८ साली पेगी लीने त्यातला सगळा वाद्यमेळ काढून टाकला आणि ते जवळजवळ कुजबुजीवर आणून ठेवले. एल्विसने तिचीच वाट धरली. गिटार नाही, पियानो नाही, मागे गाणारी मंडळी नाहीत. फक्त बॉब मूरचा बास, बोटांच्या चुटक्या, तालवाद्याचे मोजके ठोके आणि आवाज. इतकी कमी साथ असते तेव्हा गायकाला लपायला जागा उरत नाही, ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा मायक्रोफोन टिपतो. या गाण्यात एल्विस एकदाही आवाज चढवत नाही, शब्द किंचित मागे रेंगाळत ठेवतो आणि प्रत्येक वेळी बरोबर ठोक्यावर येऊन उतरतो. समेवर येण्याचे सुख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची लज्जत वेगळी सांगायला नको.

इथे ध्वनिमुद्रकाचेही देणे मान्य केले पाहिजे. बिल पोर्टर नावाच्या तंत्रज्ञाने हे काम तीन पदरी, म्हणजे तीन भाग वेगवेगळे टिपणाऱ्या, टेपवर केले आणि एल्विसचा स्टिरिओत निघालेला हा पहिलाच अल्बम. एल्विसच्या आधीच्या गाण्यांत सगळी मंडळी एकाच खोलीत दाटीवाटीने उभी असल्यासारखी वाटतात, तर इथे प्रत्येकाला स्वतःची जागा आहे. हँक गारलंडची गिटार, फ्लॉइड क्रेमरचा पियानो, डी. जे. फोंटाना आणि बडी हार्मन असे दोन-दोन ड्रमवादक, आणि तरीही कुणी कुणाच्या पायात येत नाही.

माझ्याकडची तबकडी मी मुंबईत पदपथावरच्या एका विक्रेत्याकडून घेतली. वेष्टनाला पावसाचे पाणी लागून कोपरा फुगलेला आहे आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरीस, 'रिकन्सिडर बेबी'त, बूट्स रँडॉल्फचा सॅक्सोफोन जिथे दुसरे वळण घेतो नेमकी तिथेच सुई अडकते. बोटाने हलकेच पुढे ढकलावी लागते. लोवेल फुल्सनचे हे ब्लूज गाणे त्या रात्रीचे शेवटचे, म्हणजे मैफलीतली भैरवीच म्हणायची. बाहेर उजाडले होते आणि सगळे थकलेले होते. एल्विस स्वतः गिटारवर ठेका धरून बसला आहे, तो ठेका गाण्याच्या बुडाशी सतत ऐकू येतो, आणि सॅक्सोफोनला मनसोक्त फिरू देऊन तो पुन्हा शब्द उचलतो तेव्हा आवाजात किंचित खरखर आलेली असते. ती खरखर काढून टाकायला त्याला पुन्हा गायला लावणारा कुणी शहाणा तिथे नव्हता, हे आपले भाग्य.

सगळाच अल्बम या तोलाचा नाही. 'सोल्जर बॉय' हे लष्करातून आलेल्या माणसाने गावे म्हणून निवडलेले गाणे आहे आणि ते तसेच वाटते. 'गर्ल नेक्स्ट डोअर वेंट अ-वॉकिंग' मी बहुतेक वेळा वगळतो. पण अल्बमच्या बारा गाण्यांत 'सच अ नाइट'चा खट्याळपणा आहे, 'लाइक अ बेबी'ची जखम आहे आणि चार्ली हॉजच्या साथीने गायलेले, चर्चच्या बाकावर बसल्यासारखे शांत 'आय विल बी होम अगेन' आहे. पॉप, ब्लूज, भक्तिगीताचा बाज आणि रॉक अँड रोल इतक्या सहजपणे एका आवाजात नांदताना मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. शिवाय गंमत अशी की त्या दोन बैठकांतली सर्वांत गाजलेली गाणी, 'आर यू लोनसम टुनाइट?' धरून, अल्बमात घेतलीच नाहीत, ती एकेरी तबकड्यांसाठी राखली. उरलेल्यांतून हा अल्बम उभा राहिला.

मग लष्करात संपल्याची कथा रूढ झाली कशी? अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर थांबला. हे अपयश नक्कीच नव्हे. पण त्याच वर्षी 'जी. आय. ब्लूज' या चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम आला आणि तो अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. पुढच्या वर्षी 'ब्लू हवाई'ने वीस आठवडे ती जागा सोडली नाही. व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढला : चित्रपट गाणी खपवतो, गाणी चित्रपट खपवतात, मग रात्र-रात्र जागून ब्लूज गाण्याची दगदग कशाला? व्यवहार म्हणून या हिशेबात चूक काढता येत नाही. त्याच नॅशव्हिलमध्ये एल्विसने अजून एक-दोन चांगले अल्बम केले खरे, पण १९६२ नंतर भक्तिगीतांचा अपवाद सोडला तर त्याची बहुतेक शक्ती चित्रपटांच्या सुमार गाण्यांत खर्ची पडली. तेव्हा दोष द्यायचाच तर फ्रीडबर्गच्या तळाला देऊ नये, हॉलिवूडच्या करारांना द्यावा.

१९६९ च्या जानेवारीत एल्विस मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत गेला आणि पुन्हा पहाटेपर्यंत गाऊ लागला. तोवर त्या एप्रिलच्या रात्रीला जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती.