पाच मीटर पाणी आणि दम्याचा पंप

काका, नमस्कार.

स्कूबावरच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "मालवणात पाच मीटर खाली जायला डॉक्टरांचं पत्र कशाला? बावन्न वय आहे, वीस वर्षं दमा आहे, तब्येतीच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं, जाऊन आलो, काही झालं नाही. उगाच सोलापूरकरांना घाबरवू नका," असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. 'दमा असेल तर स्कूबा विसरा' हे मी सरसकट लिहायला नको होतं. पूर्वी तसंच सांगायचे. आता दमा आटोक्यात असेल आणि फुफ्फुसांची तपासणी नीट आली तर बऱ्याच जणांना परवानगी मिळते. ब्रिटनमधल्या डायव्हिंगच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की थंडीने, दमछाकीने किंवा घाबरल्यावर दमा उठत असेल तर उतरू नये. आणि गेल्या 48 तासांत धाप लागून पंप घ्यावा लागला असेल तरी नाही. लेखातलं ते वाक्य आज बदललं.

पण 'पाचच मीटर' हे मला मान्य नाही. पाच मीटरवर दाब वरच्यापेक्षा दीडपट असतो, दहा मीटरवर दुप्पट. पाच मीटरवर सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा वर येईस्तोवर दीडपट फुगते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते. पण दम्याने एखादी बारीक श्वासनळी आवळली असेल तर तिच्या पलीकडची हवा अडकते. मग फुफ्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. श्वास रोखून वर आलेल्यांना हे दीडेक मीटर पाण्यातही झालेलं आहे. त्यात सिलिंडरची हवा कोरडी, आणि तुमचा पंप वर बोटीत, पिशवीत.

मी स्वतः कानाने शिकले. सर्दी होती, पण सोलापूरहून रात्रभर गाडीत बसून गेलेलो, पैसे भरलेले. गोळी घेतली. हलत्या बोटीत मांडीवर फॉर्म ठेवून भराभर 'नाही, नाही' लिहीत सुटले. दोन मीटरवरच उजव्या कानात सुई शिरल्यासारखं झालं. कानातला दाब सुटावा म्हणून नाक दाबून जोर लावला, कान सुटेना. वर न्या अशी खूण करायला संकोच वाटला आणि आणखी खाली गेले. वर आले तर मास्कमध्ये रक्त. पडद्याला भोक पडलं होतं. कित्येक आठवडे कापसाचा बोळा घालून आंघोळ केली. सोबतच्या प्रशिक्षकाला माझ्याबद्दल त्या कागदावर होतं तेवढंच ठाऊक होतं, आणि तो कागद मी खोटा भरला होता.

त्या फॉर्मवर दम्यासारखाच पंचेचाळिशी उलटल्याचाही प्रश्न असतो. पाण्यात मृत्यू येतो तेव्हा बऱ्याचदा मूळ हृदयात निघतं, म्हणून सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी विचारतात.

डिसेंबरात नातवाला घेऊन पुन्हा जाणार म्हणालात. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तो फॉर्म घेऊन इथेच छातीच्या डॉक्टरांकडे जा, नळीत फुंकायची तपासणी करून घ्या, बीपी बघा. आणि दम्यापुढे 'हो' लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा.