कृष्णेवर रात्री गळ टाकायचा, तर पाण्यापासून बारा फूट मागं बसा

दिवाळी झाली की सांगलीत पोरांचे ग्रुप रात्री गळ घेऊन नदीवर जायला लागतात. पूर ओसरलेला, पाणी निवळलेलं, थंडी अजून कडक पडलेली नाही. रात्रीच्या गळाला यापेक्षा चांगला काळ नाही. पण जे व्हिडिओ फिरतात, त्यात निम्मे जण घोटाभर पाण्यात उभे असतात, धरलेले मासे पिशवीत घालून पिशवी पाण्यातच बांधलेली असते आणि कडेलाच मासा साफ करणं चालू असतं. भावांनो, भिलवडी-औदुंबरपासून सांगली, हरिपूरपर्यंत या नदीत मगरी आहेत. हे त्यांचंच घर आहे. मगर पाण्याच्या कडेला दबा धरून बसते, आणि आपण नेमकं त्याच कडेवर रक्त, आतडी आणि तडफडणारा मासा नेऊन ठेवतो.

त्यामुळं आमचं म्हणणं एकच आहे. रात्रीची मासेमारी पाण्यापासून बारा फूट मागं बसून, पाय कोरडे ठेवून करायची. रॉड, वजन, जागा, माणसं, सगळं त्या हिशोबानं ठरवायचं.

जागा उजेडातच बघून ठेवा. पाण्यापासून चार-पाच फूट उंच, दगडी किंवा कठीण जमीन, मागं मोकळी वाट. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची उभी कड दिसायला पक्की असते, पण पुरानं ती खालून पोखरलेली असते आणि दोन माणसांच्या वजनानं ढासळते. बंधाऱ्यावर आणि त्याच्या लगेच खालच्या भोवऱ्याजवळ तर अजिबात बसू नका. विष्णू घाट, सरकारी घाट, माई घाट सोडून द्या. पहाटे तिथं लोक अंघोळीला उतरतात, पायरीत अडकून तुटलेला गळ कुणाच्या तरी पायात जातो.

पाण्याबाहेर डोकावणारा एखादा दगड हेरून ठेवा आणि तासातासाला टॉर्च मारून तो किती दिसतो ते बघा. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत लगेच पोचत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. दगड बुडायला लागला की सामान गुंडाळायचं. पावसाळ्यात तर जाऊच नका. पाणी धोक्याचं असतं आणि मासे अंडी घालायला वर चढत असतात.

आता सामान. बारा फूट मागून टाकायचं म्हणजे नऊ-दहा फुटी रॉड लागतो, त्यावर ४००० साइजचं रीळ आणि ०.४० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. मधून भोक असलेली ४० ते ६० ग्रॅमची शिशाची गोळी मुख्य तंगूसात मोकळी ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल (दोन दोरे जोडणारी फिरती कडी). स्विव्हलच्या पुढं दीड फुटाचा तुकडा ०.३० चा आणि त्याला गळ. गोळी मोकळी सरकते, त्यामुळं मासा ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. पुढचा तुकडा बारीक ठेवायचं कारण सांगलीकरांना सांगायला नको. तळाला साड्या, निर्माल्याच्या पिशव्या, तारा, काय नाही! गळ अडकला की पुढचा तुकडाच तुटावा, चाळीस फूट तंगूस नदीत राहू नये. बहुतेक जण पुढंमागं एकच जाडी वापरतात आणि मग तंगूस रिळापासून तुटतो. शिंगटी-शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांना १/० चा मोठा गळ, सापासारख्या लांब वामीला ४ नंबरचा लहान. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून घ्या. मासा थोडा जास्त निसटेल, पण अंधारात बोटात घुसलेला गळ सरळ बाहेर येईल.

आमिषाचं सोपं आहे. रात्री चालतात ते शिंगटी, शिंगाळा, वाम, मागूर. हे वासावर येतात. तीन-चार गांडुळांचा झुपका किंवा कोंबडीची काळीज-आतडी शिवणाच्या दोऱ्यानं गळावर गुंडाळलेली. दोरा नसेल तर काळीज फेकतानाच सुटून पडतं आणि तुम्ही तासभर रिकाम्या गळाकडं बघत बसता. कटला-रोहूसाठी पाव किलो कणीक, दोन मुठी शेंगदाणा पेंडीची पूड, मूठभर फुटाण्याचं पीठ, घट्ट मळायचं आणि त्यात कापसाचे तंतू पिंजून घालायचे. कापसामुळं गोळा पाण्यात लवकर सुटत नाही. पण खरं सांगायचं तर रात्री कणकेचा गोळा बहुतेक वेळा चिलापीच खाऊन जाते.

चार जण, चार रॉड, दोघांत रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतर. फेकण्याआधी "टाकतोय" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि ते ऐकून बाकीच्यांनी मान वळवून बघायचं. रॉडच्या टोकाला घुंगरू लावा म्हणजे सारखं टॉर्च मारायला नको. दारू नको. यावर आमच्याकडं दुसरं मत नाही.

मासा लागला की घाई इथंच होते. आधी टॉर्च, मग माणूस. एकानं पाण्यावर, कडेच्या गवतावर, दोन्ही बाजूंना सावकाश उजेड फिरवायचा. मगरीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे लालसर चमकतात. डोळे दिसले तर तंगूस कापून टाका, मासा गेला तर गेला. काही नसेल तर दुसऱ्यानं आठ-नऊ फुटी दांड्याचं हातजाळं घेऊन पुढं व्हायचं, मासा उचलायचा आणि लगेच मागं यायचं. मासे झाकणाच्या बादलीत ठेवा, साफ घरी करा.

शिंगटीच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागं दोन असे काटे असतात. मासा घाबरला की ते ताठ होऊन अडकतात. मधली दोन बोटं कल्ल्यांमागच्या त्या दोन काट्यांच्या मागून घालून पकडायचं, नाहीतर जाड फडकं घ्यायचं. टोचलं तर ठणका कोपरापर्यंत जातो. यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवला की आराम पडतो, म्हणून चहाशिवाय गरम पाण्याचा एक वेगळा थर्मास न्या. सूज वाढली, काट्याचा तुकडा आत राहिला, तर डॉक्टर गाठा. वाम बुळबुळीत, ती तंगूसाला पीळ घालत वर येते. तिला सुक्या गोणपाटातच धरा. हातापायाला जखम असेल तर ती झाकून जा, नदीकाठी उंदीर असतात आणि लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे. गवतात घोणस जास्त करून रात्री फिरते, म्हणून बूट आणि प्रत्येकाकडं स्वतःचा टॉर्च.

पहाटेपर्यंत थांबायची गरज नसते. अंधार पडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत जे मिळायचं ते मिळतं.

आणि खाण्याबद्दल. शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याच्या तोंडाशी आणि त्याच्या खालच्या पट्ट्यातला मासा आम्ही घरात आणत नाही. चिखलातला मागूर तर नाहीच. पाण्यावर तोंड काढून मासे श्वास घेत असतील, हातानं सापडत असतील, तर पाण्यातला प्राणवायू संपलाय, सांडपाणी नाहीतर साखर कारखान्याच्या मळीचं पाणी आलंय. अशा दिवशी पोती भरून मासे नेणारे दिसतात. ते खाऊ नका, कुणाला देऊ नका, फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं तक्रार करा. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, लागला तर तो परत पाण्यात सोडू नका. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, आणि तो इथल्या माशांची पिल्लं फस्त करतो. शिंगाळ्याची, मरळीची लहान पिल्लं मात्र काटा न मोडता, ओल्या हातानं, लगेच सोडा.