हार्ड मोड बंद केला, त्याची कैफियत

परवा फॅमिली ग्रुपवर वर्डलचा निकाल टाकला आणि दोन मिनिटांत भाचीचा मेसेज: "मामा, स्टार कुठे गेला?"

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडं. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी. सेटिंगमध्ये हार्ड मोडचं एक बटण असतं. ते चालू केलं की हाती आलेली हिरवी-पिवळी अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात घ्यावीच लागतात. त्याचं बक्षीस म्हणजे शेअर केलेल्या निकालात आकड्याच्या शेजारी एक स्टार. त्या एवढ्याशा स्टारपायी मी दीड वर्ष हार्ड मोडवर काढलं. ग्रुपवर दिसतो म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. आता कबूल करायला हरकत नाही.

मग एके दिवशी माझी १३७ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे सलग उत्तर सापडण्याची साखळी, गेली. कशी गेली ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

पहिला शब्द नेहमीचा, 'ऑडिओ'. फक्त आय पिवळा. दुसरा शब्द 'नाइट', रात्रवाला. एन राखाडी, बाकी चारही अक्षरं हिरवी! मी खुर्चीतच उडालो. दुसऱ्याच प्रयत्नात चार हिरवी, अजून काय पाहिजे? मग हळूहळू उजेड पडला. लाइट, माइट, राइट, साइट, फाइट, टाइट, आणि आठ या अर्थाचा एट. रोजच्या वापरातले सात शब्द, सगळ्यांची शेपूट तीच, आय-जी-एच-टी, बदलतं ते फक्त पहिलं अक्षर. हातात प्रयत्न चार. हार्ड मोडमध्ये ती शेपूट सोडता येत नाही, म्हणून एकेक शब्द घालून बघायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मी चार घातले. उत्तर उरलेल्या तिनांत होतं.

साध्या मोडमध्ये मी काय केलं असतं? तिसरा शब्द 'फिल्म्स' टाकला असता. तो उत्तर असूच शकत नाही, हे मला पक्कं माहीत असताना. पण एफ, एल, एम, एस या चार अक्षरांचा निकाल एका फटक्यात लागला असता. यातलं एखादं रंगलं, की चौथ्या प्रयत्नात उत्तर. एकही रंगलं नाही, तर राहिले राइट, टाइट आणि एट, आणि प्रयत्नही तीनच. त्या सातांपैकी कुठलाही शब्द असता तरी स्ट्रीक वाचली असती.

भाचीचं म्हणणं, ही लबाडी आहे. चूक आहे हे माहीत असलेला शब्द टाकायचा, याला काय अंदाज म्हणायचं? तिला मी मास्टरमाइंडची गोष्ट सांगितली. तो रंगीत खुंट्यांचा खेळ, चार जागा, सहा रंग. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की कुठलीही मांडणी जास्तीत जास्त पाच खेळ्यांत ओळखता येते. त्याच्या रीतीत काही वेळा अशी खेळी येते जी उत्तर असण्याची शक्यताच नाही. ती फक्त माहिती काढण्यासाठी. वर्डलचंही तेच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये खेळाच्या मूळ शब्दयादीवर हिशोब मांडला: साधा मोड, नीट खेळलं तर सरासरी ३.४२१ प्रयत्न, आणि सहाव्यावर कधीच जावं लागत नाही.

म्हणजे साध्या मोडमध्ये दर वेळी ठरवावं लागतं, आता उत्तर द्यायचं की प्रश्न विचारायचा? हार्ड मोडमध्ये हा निर्णय नियमानेच घेऊन टाकलेला असतो. मग जास्त डोकं कुठे चाललं? (आणि हार्ड मोड तसा कडकही नाही. राखाडी अक्षर परत वापरा, पिवळं परत त्याच चुकीच्या जागी ठेवा, तो हूं की चूं करत नाही.)

पण एक गोष्ट भाचीच्या बाजूने बोलायलाच हवी. हार्ड मोडवर चांगलं खेळणारा माणूस त्या सापळ्यात माझ्यासारखा नाचत जात नाही. दुसरा शब्द टाकतानाच त्याला दिसतं, की 'नाइट' टाकला आणि शेपूट हिरवी झाली तर आपण अडकलो. तो आय घेऊन दुसरीकडे सरकतो, चार हिरव्यांचा मोह टाळतो. हिरवं दिसणं वाईट असू शकतं, हे मला हार्ड मोडनेच शिकवलं, आणि ते मला खरंच आवडायचं. साध्या मोडवर आल्यापासून माझा दुसरा शब्द ढिला पडलाय. पुढे निस्तरता येईल, असा एक माज मनात असतो.

तरी मी परत जाणार नाही. सकाळच्या चहाबरोबर मला कोडं हवंय, लॉटरी नको. ज्याला ती धाकधूक हवी त्याने खुशाल बटण दाबावं, फक्त साध्या मोडवाल्यांना भित्रे म्हणू नये.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, एवढंच लांबलचक. आज सकाळी माझं तिसऱ्या प्रयत्नात आलं, निकाल टाकला. भाचीचं उत्तर: "स्टारशिवाय तीन म्हणजे चारच."