प्रत्येक पुस्तकाला दहा रुपये देऊ नका

‘मुलांना वाचनवेडं करा, फक्त २१ दिवसांत!’ हा संदेश पालकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. त्यातल्या सूचना अशा: प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये द्या, वाचून झालं की सारांश लिहून घ्या, दुसरीनंतर चित्रांची पुस्तकं बंद करा, आणि हे २१ दिवस चुकवू नका. माझ्या भाचीच्या घरात याचा तक्ता भिंतीवर लागलाय, म्हणून आता लिहायलाच हवं.

२१ दिवसांचं आधी उरकू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवसांची तफावत निघाली. तीही मोठ्या माणसांत.

खरं नुकसान त्या दहा रुपयांनी होतं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे वर्गात पेनं मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. प्रयोग चित्रांचा आहे, वाचनाचा नाही, हे मान्य. पण पुस्तकांच्या बाबतीत काय होतं ते कुठल्याही शाळेच्या ग्रंथपालांना विचारा. मूल सगळ्यात पातळ पुस्तक उचलतं, पानं उलटतं आणि मलपृष्ठावरचा मजकूर सारांश म्हणून उतरवून देतं. जाड पुस्तक त्याला तोट्याचं वाटू लागतं. पैसे थांबले की वाचनही थांबतं.

जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही, त्याच्या बाबतीत सुरुवातीला बक्षिसाचा थोडा उपयोग होतो, एवढं कबूल करतो. मग न सांगता द्या, आणि पुस्तकच द्या.

सारांशही नको. ‘कुठपर्यंत आलीस?’ एवढं विचारलं तरी मूल आपणहून बोलतं.

चित्रं बंद करायची सूचना तर निर्दयी आहे. ‘असर २०२४’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. रफार नि जोडाक्षरांशी झगडताना वाक्याचा धागा सुटतो, तेव्हा गोष्ट चित्रामुळे हातात राहते. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी, सोप्यापासून अवघडापर्यंत चार स्तरांत, फुकट आहेत. चौथीतलं मूल अडखळत असेल तर बेधडक पहिल्या स्तरापासून सुरू करा.

शाळेत वाचनासाठी ३५ मिनिटांची तासिका पुरते. चाळीस मुलांना निदान साठ पुस्तकं हवीत, मुखपृष्ठ वर करून सतरंजीवर मांडलेली. कपाटातल्या पुस्तकांचे नुसते कणे पाहून लहान मुलांना निवडता येत नाही. दहा मिनिटं निवडीला. एका पानावर पाच शब्द अडले किंवा दोन पानांत कंटाळा आला, तर पुस्तक बदलायची पूर्ण मुभा. पंधरा मिनिटं मूक वाचन. तेव्हा बाईंनी वह्या तपासायच्या नाहीत, स्वतः वाचायचं. उरलेल्या दहा मिनिटांत त्यांनी एक गोष्ट मोठ्यानं वाचावी, ऐन रंगात थांबावं आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यावं. ते घरी न्यायला रांग लागते. नेऊ द्या. पान फाटलं तर दंड नको, चिकटपट्टी द्या. दंडाच्या धास्तीनं पालकच पुस्तक घरी आणू देत नाहीत.