दीड हजाराचा स्कोप आणि माडावरचा पाडेली

डिचोलीच्या भावोजींनी काल रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड धाडला. खाली प्रश्न, "बाबूला हाच घेऊ ना?" बाबू माझा भाचा, वय 14, वर्षभर एअर रायफल शिकतोय. फॉरवर्डमधला दावा असा: दीड हजारात ऑलिंपिक दर्जाचा स्कोप (रायफलीवर बसवून नेम धरायची दुर्बीण), झूम जितका जास्त तितका नेम पक्का, भिंग मोठं तर चित्र स्वच्छ, कुठल्याही बंदुकीला बसतो, वर दुर्बीण म्हणूनही वापरा!

ऑलिंपिकचं आधी. 10 मीटर एअर रायफलीत स्कोप चालतच नाही, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतच बंदी आहे. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते रायफलीवरच्या मागच्या साइटच्या (नेम धरायच्या चकतीच्या) बारीक भोकातून बघून. आणि 10 गुणांचा ठिपका केवढा? 0.5 मिलिमीटर. छराच 4.5 मिलिमीटरचा असतो. स्पर्धेसाठी हवा असेल तर दीड लाखाचा स्कोपही कामाचा नाही.

भावोजी म्हणतील, परसात डबे पाडायला तरी? तिथेच तर मला राग येतो त्या "दुर्बीण म्हणूनही वापरा"चा. अहो, स्कोप रायफलीवर बसलेला असतो. जिकडे डोळा तिकडे नळी. तुमच्या परसात सहा माड आहेत. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढलाय, आणि किती नारळ उरले ते पोरगं स्कोपातून मोजतंय, म्हणजे त्या माणसाच्या पाठीवर रायफल रोखलेली. "छरा भरलेला नव्हता" हे वाक्य नंतर सगळेच म्हणतात. लक्ष्य सोडून कशावरही नळी न्यायची नाही, हे बाबूला पहिल्याच दिवशी शिकवलंय. वडिलांनी ते मोडायला लावू नये. डोंगरच बघायचा तर साधी दुर्बीण घ्या.

कुठल्याही बंदुकीला बसतो म्हणे! स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे, लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्यासाठी न बनवलेला स्कोप आतून सैल होतो, मग रोज नेम वेगळीकडे. झूमचं तर विचारूच नका. मोठ्या बंदुकींचे बरेच स्कोप 100 यार्डांना, म्हणजे साधारण 91 मीटरवर चित्र स्पष्ट दिसेल असे जुळवलेले असतात. 15 मीटरवरचा डबा 9 पट केला की धुरकट गोळा दिसतो.

भिंगाचं अर्धं खरं, मान्य. मोठ्या भिंगातून उजेड जास्त येतो. पण 40 मिलिमीटरचं भिंग 4 पटीवर 10 मिलिमीटरचा झोत देतं आणि भर दुपारी डोळ्याची बाहुली असते 2-3 मिलिमीटर. उरलेला उजेड वाया.

आणि हो, महागच घ्यावा असं नाही. एअर रायफलीसाठीच बनवलेला, झूम नसलेला 4 बाय 32 (4 पट मोठं दाखवणारा, 32 मिलिमीटर भिंगाचा) घ्या. दुकानाच्या दारात उभे राहा, रायफल न लावता नुसता स्कोप काउंटरवर टेकवून साधारण डब्याइतक्याच अंतरावरची पाटी बघा. डोळा जरासा डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर, म्हणजे आतली नेमाची फुली, अक्षरांवरून सरकत असेल तर ठेवून द्या. नायट्रोजन भरलेला आहे का विचारा, नाहीतर जूनमध्ये आतून वाफ धरेल. आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर एका पावसाळ्यात बुरशीची जाळी पसरली होती.