परदेशातून: अमळनेरचा विप्रो आणि इक्वल वेटचा निफ्टी

घरी फोन केला की सध्या वाद एकच. निफ्टी ५० म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याच कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे लावणारा साधा इंडेक्स फंड घ्यायचा, की सगळ्यांना सारखा वाटा देणारा इक्वल वेटचा? पुतण्याचं म्हणणं, साध्या निफ्टीत बाजारमूल्य जास्त त्या कंपनीला वाटा जास्त, म्हणून निम्म्याहून जास्त पैसा पहिल्या दहा कंपन्यांतच जातो. इक्वल वेटमध्ये पन्नासही कंपन्यांना २-२ टक्के, म्हणून जोखीम कमी. दादांना दोन्ही पटत नाही. अमळनेरात ज्यांनी विप्रोचे शेअर विकले नाहीत तेच वर आले, हा त्यांचा मुद्दा.

दादांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. १९४५मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर आमच्याकडच्या कितीतरी साध्या घरांनी पिढ्यान्पिढ्या जपले आणि बोनसवर बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) घेतले. इक्वल वेटचा नियम याच्या नेमका उलट आहे. दर तिमाहीला जो शेअर वाढला त्यातला थोडा विकायचा आणि जो मागे पडला तो घ्यायचा. साध्या निफ्टीत वाढणाऱ्या कंपनीचा वाटा आपोआप मोठा होत जातो. न विकण्याची अमळनेरची सवय तिथेच सापडते, आणि तीही एका कंपनीवर सगळं न लावता. (बुडालेल्या कंपन्यांचे शेअर ज्यांनी जपले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, हेही दादांनी लक्षात घ्यावं.)

मी राहतो न्यू जर्सीत. इथे इक्वल वेटची चर्चा पेटली ती एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात पहिल्या दहा कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेल्यामुळे, आणि त्यातल्या बहुतेक तंत्रज्ञानातल्या असल्यामुळे. २०२२मध्ये साधा निर्देशांक लाभांश धरून सुमारे १८ टक्के पडला, इक्वल वेट साडेअकरा. पुढच्याच वर्षी साधा २६ टक्के वाढला आणि इक्वल वेट १४च्या आसपास राहिला. २०२२ पाहून उडी मारलेल्यांचे चेहरे २०२३मध्ये उतरले होते.

पुतण्या इथले व्हिडिओ पाहतो आणि इथली भीती तिकडे लावतो, हे मला खटकतं. निफ्टीत सगळ्यात जड आहेत त्या बँका आणि वित्त कंपन्या. तिथे इक्वल वेट घेणं म्हणजे बँका आणि रिलायन्स कमी करून धातू, औषधं, वाहनं, सिमेंट यांचा वाटा वाढवणं. धातू आणि सिमेंटचा धंदा तेजी-मंदीवर फार हलतो. त्यामुळे जोखीम कमी झाली असं मी म्हणणार नाही. ती बँकांकडून दुसरीकडे सरकली. शिवाय दर तिमाहीच्या खरेदी-विक्रीचा खर्च फंडातूनच जातो.

इक्वल वेट वाईट आहे असं मात्र नाही. बँका फार फुगल्यात असं ज्याला विचार करून वाटतं, त्याने एसआयपीचा (दर महिन्याच्या ठरावीक गुंतवणुकीचा) पाव ते एक तृतीयांश भाग तिकडे वळवावा आणि दहा वर्षं त्याकडे ढुंकून पाहू नये. फंडाच्या आतल्या उलाढालीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही. पण वर्षभरात कंटाळून तो स्वतः या फंडातून त्या फंडात गेला, तर नफ्यावर २० टक्के कर आहे. एक वर्ष उलटल्यावर विकलं, तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. आमचा पुतण्या दर दिवाळीला मत बदलतो, म्हणून त्याने आधी साधा निफ्टीच घ्यावा असं मला वाटतं.